दृष्टीआडचे काम

आपल्या भाषेत माणूस कामाला जातो, कामावर असतो आणि कामावरून येतो. काम हे जणू एक गाव आहे आणि तेथे जाण्यायेण्याची वाट तुडवल्याशिवाय भाकरी मिळत नाही, अशी आपली पिढ्यानपिढ्यांची समजूत. शेतकऱ्याचे शेत घराला लागून असले तरी तो रानात जातो. आणि घरात जे होते, दळणकांडण, भांडी, म्हाताऱ्यांची औषधे, मुलांचे अभ्यास, त्याला काम म्हणायला आपण फारसे राजी नसतो. एखाद्या बाईची ओळख करून देताना "काही करत नाही, घरीच असते" असे सांगण्याची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. गेल्या काही वर्षांत मात्र हजारो तरुण माणसे पगार घेऊन घरीच असू लागली आणि आमच्या बारामती-इंदापूर भागातल्या गावांना एक नवेच कोडे पडले. घरात बसून केलेले काम हे काम आहे काय? असल्यास त्यावर कोणाची नजर? आणि नजरेवाचून माणूस प्रामाणिक राहतो काय?

या कोड्याचा आरंभ सर्वांच्या आठवणीतला आहे. २५ मार्च २०२० पासून सारा देश घरात कोंडला गेला. त्याच्या आगेमागे पुण्याच्या हिंजवडीतली, खराडीतली मुले आपापले लॅपटॉप पाठीवर घेऊन गावी परतली. आमच्या आळीतलाही एक मुलगा परतला. माझा जुना विद्यार्थी. इंजिनिअर होऊन पुण्यात एका मोठ्या कंपनीत लागलेला. माडीवरची खोली, जिच्यात तोवर कांद्याच्या पिशव्या आणि लग्नातली जुनी भांडी असत, ती झाडून त्याने तेथे टेबल मांडले, इंटरनेटची तार ओढून घेतली आणि दार लावून घेतले. त्याच्या आईला पहिले आठ दिवस आनंदाने काही सुचत नव्हते. सणालाही दोन दिवसांपलीकडे न राहणारा मुलगा आता रोज दोन्ही वेळा ताटावर बसणार! महिनाभराने मी विचारले, "काय वहिनी, आता चैन ना?" तेव्हा ती माउली हळूच म्हणाली, "बाई, पोरगं घरात हाय खरं, पण घरात न्हाई."

या एका वाक्यात मला पुष्कळ काही सापडले. वाडवडिलांच्या काळी घर आणि काम वेगळे नव्हतेच. कुंभाराचे चाक अंगणात, कोष्ट्याचा माग ओसरीवर, सोनाराची शेगडी पुढच्या खोलीत. बारामतीला कऱ्हेच्या काठी मोरोपंतांनी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने आयुष्य घालवले, १७९४ साली देह ठेवीपर्यंत हजारो आर्या रचल्या, त्या काही हजेरीपत्रकावर सही करून रचल्या नाहीत. काम घराबाहेर गेले ते कारखान्यांबरोबर. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि मग भोंगा, पाळी, मुकादम, उशिराचा दंड हे सारे आले. म्हणजे ज्याला आपण सनातन मानतो ती 'कामाला जाण्याची' रीत आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांचीसुद्धा नाही. पण कुंभाराचे चाक अंगणात फिरत असताना त्याचे पोर शेजारी माती तुडवीत असे, बायको मडकी उन्हात मांडीत असे. काम घरात होते आणि घरही कामात होते. माडीवरच्या बंद दारामागे जे चालते ते असे नाही. तेथे कामाने घरातली एक खोली काबीज केली आहे आणि घराला आत मज्जाव आहे.

त्या मुलाचे वडील, भाऊ, यांना वेगळाच प्रश्न पडला होता. ते एकदा मला म्हणाले, "ह्याचा सायब कुठं बसतो?" मी म्हटले, कोणी बंगळूरला, कोणी परदेशात. "मग ह्यो काम करतो का झोपतो, हे त्याला कसं कळतं?" प्रश्न अडाणी नाही. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांचे चालक हाच प्रश्न अधिक सफाईदार शब्दांत विचारीत असतात.

माझ्या मते या प्रश्नाचे एक उत्तर आमच्याच शिवारात वाहते आहे. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खोदला गेला. तो बारामती तालुका ओलांडून इंदापूर तालुक्यात जातो. त्या कालव्यावर पाटकरी असतो. पाटकऱ्याचा साहेब कचेरीत आणि पाटकरी मैलोगणती पाटावर एकटा. रात्री दोन वाजता कोणाची शेजपाळी आहे, कोणी दार चोरून उघडले आहे, कोणाच्या उसाला पाणी जास्त गेले, हे त्याचे त्यालाच ठाऊक. साहेब काही रात्री उठून बघायला येत नाही. मग त्याची पारख होते कशी? ती होते टेलला. कालव्याच्या शेवटच्या टोकाशी, इंदापूरच्या बाजूला, ज्याचे शेत आहे त्याला पाणी पोचले की नाही, यावर. टेलचा शेतकरी कोरडा राहिला की तो बोंब मारतो, मोर्चा काढतो, आणि वर कोठेतरी कोणीतरी चुकले आहे हे सिद्ध होते. पाटकरी दिवसातून किती तास चालला हे मोजण्याची गरज पडत नाही. दृष्टीआड केलेल्या कामाची खरी मोजणी टेलला होते, कंपन्यांनीही तीच करावी, असे मी भाऊंना सांगितले. त्यांना पटले. त्यांचे शेत टेललाच आहे.

मला स्वतःला मात्र ते पुरते पटलेले नाही, कारण मी शिक्षिका आहे. शाळेच्या कालव्याचे टेल फार लांब असते. आज वर्गात मी काय पेरले हे वीस वर्षांनी दिसते, आणि तेव्हाही ते माझ्यामुळे की माझ्या असूनही, हे सांगता येत नाही. पुष्कळ कामे अशीच असतात. पुलाची तडे दहा वर्षांनी दिसतात, हिशेबातली खोट तपासनीस येईपर्यंत झाकलेली राहते. मधल्या काळात माणसाला आवरणारे काय असते? साहेबाची नजर म्हणावी, तर खेडेगावातल्या दोन शिक्षकी शाळांचे गुरुजी पिढ्यानपिढ्या साहेबाच्या नजरेवाचूनच शिकवत आले. केंद्रप्रमुख येणार कधीतरी. एरवी गुरुजी, फळा आणि पोरे. त्यांतल्या काहींनी कामचुकारपणा केला हे खरे, पण बहुतेकांनी केला नाही, म्हणून तर खेड्यांतून आज इंजिनिअर निघतात. या गुरुजींवर नजर नव्हती असे म्हणणेही बरोबर नाही. ती पोरांची होती. समोर तीस चेहरे बसलेले असताना आळस करणे फार अवघड असते.

घरून काम करणाऱ्याला हे चेहरे नसतात. पडद्यावर चौकटी असतात, त्याही बहुधा काळ्या, नाव लिहिलेल्या. आणि चेहरे नाहीसे झाल्यावर त्यांच्या जागी धन्याला यंत्र बसवावेसे वाटले. कीबोर्डवर बोटे किती वेळा पडली, माउस किती हलला, पडदा किती वेळ थंड होता, हे मोजणारे यंत्र. मग नोकरांनीही तोडीस तोड म्हणून आपोआप माउस हलवणारे यंत्र काढले! २०२४ साली अमेरिकेतल्या वेल्स फार्गो या बँकेने काम करत असल्याचा असा देखावा केल्याबद्दल डझनाहून अधिक नोकर काढून टाकले. ही बातमी वाचून मी हसले, नंतर मात्र मला वाईट वाटले. एका टोकाला मोजणारे यंत्र, दुसऱ्या टोकाला हलवणारे यंत्र, आणि मधे माणूस कोठेच नाही. अविश्वास दाखवल्याने माणूस प्रामाणिक होतो असा अनुभव मला चोवीस वर्षांच्या मास्तरकीत एकदाही आला नाही. परीक्षेत ज्या वर्गावर पोलिसी पहारा ठेवावा, तो वर्ग पहारेकऱ्याची पाठ वळण्याचीच वाट पाहतो.

दुसरा एक वाद याच काळात माजला, तो दोन नोकऱ्यांचा. घरी बसल्या बसल्या काहीजण एका कंपनीचा पगार घेऊन दुसरीचेही काम करू लागले. २०२२ साली विप्रोचे अध्यक्ष रिशाद प्रेमजी यांनी ही उघड फसवणूक आहे असे म्हटले, आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांचे काम करताना सापडलेल्या तीनशे जणांना कंपनीने काढले हेही सांगितले. तेव्हा शिक्षकांच्या खोलीत यावर चर्चा झाली आणि सगळ्यांनी हळूच माझ्याकडे पाहिले. कारण मी दिवसा शाळेत शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. मी दोन धन्यांची चाकर आहे हे संस्थेला ठाऊक आहे. पण इतिहासाच्या तासाला फळ्यावर सनावळी लिहिताना माझ्या कादंबरीतली नायिका डोक्यात शिरत नाही असे मी छातीवर हात ठेवून कसे सांगू? पगार तासांचा मिळतो, मन कोणी विकत घेतलेले नसते. तरीही एक सीमा मला दिसते. मी जे रात्री करते ते दिवसाच्या धन्याला सांगू शकते. ज्याला आपली दुसरी नोकरी लपवावी लागते, त्याला ती चूक आहे की नाही हे दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज उरत नाही. प्रतिस्पर्ध्याचे काम करणाऱ्यांची बाजू मला घ्यावीशी वाटत नाही. पण ज्या कंपन्या एका पगारात मुलाची सकाळ, रात्र आणि रविवारही घेतात, त्यांनी चोरीची भाषा जरा जपूनच वापरावी.

आता संस्थांची बाजू. मुलगा घरी बसून अधिक काम करीत होता, हे मी पाहिलेले आहे. पुण्यात रोज दोन अडीच तास वाहतुकीत जात, ते वाचले आणि तेही कामातच गेले. शांघायमधल्या सीट्रिप नावाच्या प्रवास-कंपनीत निकोलस ब्लूम या अर्थशास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच प्रयोग केला होता, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. फोनवर काम करणाऱ्यांपैकी काहींना नऊ महिने घरी बसवले. त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, तिकडे लोकांचे लक्ष कमी जाते. तितकेच चांगले काम करूनही घरी बसलेल्यांना बढती कमी मिळाली. दृष्टीआड सृष्टी ही म्हण शांघायलाही लागू पडते तर! आणि पुढे ज्याला जेथे हवे तेथे बसण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा प्रयोगातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी आपली जागा बदलली. घरच्या एकटेपणाला कंटाळून कचेरीत परतलेले त्यांत बरेच होते. २०२१ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी आपल्याच एकसष्ट हजारांवर अमेरिकी नोकरांच्या पत्रव्यवहाराचा व बैठकांचा अभ्यास केला. त्यांना आढळले ते असे, की घरी बसलेली माणसे आपापल्या छोट्या गटात अधिक घट्ट झाली आणि गटागटांमधले पूल मात्र ओस पडले.

हे वाचायला मला मायक्रोसॉफ्टपर्यंत जावे लागले, पण अनुभव घरचाच होता. २०२० च्या मार्चपासून आम्हीही फोनवरच शिकवत होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारने शाळा उघडल्या, त्या मधल्या काळात आमच्या शाळेला एक नवी शिक्षिका मिळाली. हुशार मुलगी, विषय पक्का. पण शाळा भरू लागल्यावर ती पहिल्याच आठवड्यात रडत माझ्याकडे आली, "बाई, वर्ग आवरत नाही." तिला कोणी काही शिकवले नव्हते असे नाही, फोनवर सर्व सूचना मिळत होत्या. पण जी विद्या शिक्षकांच्या खोलीत चहाच्या कपाबरोबर मिळते ती कोणत्याच सूचनेत नसते. आम्हाला आमच्या मोठ्या बाई वर्गात शिरताना दाराशी क्षणभर थांबत, कोण उपाशी आले आहे, कोणाच्या घरी रात्री भांडण झाले आहे, हे चेहऱ्यावरून वाचून घेत आणि मग पहिले वाक्य बोलत. हे त्यांनी कधी सांगितले नाही. आम्ही पाहिले आणि आम्हाला ते लागले. हळदीचा रंग लागतो तसे. ज्यांना काम येते त्यांना घरी बसून करता येईल, परंतु ज्यांना अजून यायचे आहे त्यांनी कोणाकडे पाहावे? जुनी माणसे घरी राहून सुखी झाली, त्याची किंमत नव्यांनी भरली. या सौद्यात नव्यांना कोणी विचारले नव्हते.

मला येथे वारी आठवते. दर ज्येष्ठ-आषाढात तुकोबांची पालखी आमच्या या रस्त्याने जाते. बारामतीहून काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण, पुढे बेलवाडीला गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, आणि मग नीरा ओलांडून पंढरीकडे. २०२० साली वारी निघाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरपुरास गेल्या. वारकऱ्यांनी घरीच भजन केले. धर्मदृष्ट्या त्यात काही उणे नव्हते. घरबसल्या नाम घेता येते हे तर संतांनीच सांगून ठेवले आहे. मग ते सांगणारे संत स्वतः चालत का जात? नाम घेण्याला सोबत लागत नसेल, पण नाम घेणारा माणूस घडण्याला लागत असावी. वारीत चुकणाऱ्याला टाळ कसा धरावा हे शेजारचा चालता चालता दाखवतो. पुढच्या वर्षी तोच दुसऱ्याला दाखवतो. कचेरीला मी पंढरी म्हणते आहे असे कोणी समजू नये. हिंजवडीच्या चौकात संध्याकाळी तासभर अडकलेल्या मुलांना ती उपमा ऐकवली तर ती मला मारायला धावतील.

कंपन्यांनी पुढे काय केले ते गमतीचे आहे. एप्रिल २०२० मध्ये टाटा कन्सल्टन्सीने जाहीर केले होते, की २०२५ पर्यंत आपल्या नोकरांपैकी एकावेळी फार तर चतुर्थांशांनाच कचेरीत यावे लागेल. आणि त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून सर्वांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलावले. विप्रोने त्याच वर्षी नोव्हेंबरपासून तीन दिवस सक्तीचे केले. धंद्याची गणिते बदलतात, त्याबद्दल माझ्यासारख्या मॅट्रिकवालीने कोणाला दोष देऊ नये. परंतु नीतीचा म्हणून एक प्रश्न राहतोच. संकट होते तेव्हा माणसांनी आपली घरे, आपली वीज, आपली माडीवरची खोली कंपनीच्या स्वाधीन केली, तेव्हा त्यांच्या प्रामाणिकपणावर कोणी शंका घेतली नाही. संकट सरल्यावर तोच प्रामाणिकपणा एकाएकी संशयास्पद कसा झाला? विश्वास हा छत्रीसारखा, पाऊस आला की उघडायचा आणि थांबला की कोपऱ्यात उभा करायचा, असा असतो काय? "नव्यांना शिकवायचे आहे, म्हणून या" असे कोणी म्हटले असते तर तो मुलगा आनंदाने गेला असता. त्याला ईमेल आली ती हजेरीच्या टक्केवारीची, आणि न आल्यास काय होईल याची.

त्या मधल्या वर्षांत त्याचे लग्न झाले. सून इंदापूरची, तीही पुण्यातल्याच एका कंपनीत हिशेबाचे काम करणारी, आणि तीही घरूनच. माडीवर एकच खोली. तेथे नवऱ्याचे टेबल होते. ती स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीत बसे, कानाला ते यंत्र लावून, समोर आकडे, मागे कुकर. नवऱ्याच्या खोलीत चहा जाई, तिच्याकडे दळणाचा डबा येई. वहिनी वाईट नाहीत, पण "घरीच तर आहेस" हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून चार वेळा निघे आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नसे. त्यांनी स्वतः चाळीस वर्षे घरीच काम केले, त्याला कोणी काम म्हटले नव्हते. सुनेच्या कामाला त्या काम कशाला म्हणतील? या पोरीला कचेरीत परत बोलावणे आले तेव्हा आळीला वाटले बिचारीवर संकट कोसळले. मला भेटली तेव्हा ती म्हणाली, "बाई, खरं सांगू? पुण्याच्या बसमध्ये बसले की मला सुट्टी लागल्यासारखं वाटतं." घर म्हणजे विसावा, हे गृहीत धरून जे हिशेब मांडले गेले, त्यांत घर कोणासाठी विसावा आहे आणि कोणासाठी दुसरी पाळी, हे कोणी मांडलेच नाही.

आणि ज्यांना घरून काम करणे स्वप्नातही शक्य नाही, त्यांचे काय? दिवाळी आटोपली की आमच्या भागातल्या साखर कारखान्यांचे, माळेगावचे, भवानीनगरचे, सोमेश्वरचे गाळप सुरू होते आणि बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवराबायकोच्या जोडीला त्या धंद्यात 'कोयता' म्हणतात. दोन माणसांचे मिळून एक अवजार! त्यांना काम घरी नेता येत नाही, म्हणून ते घरच उचलून कामावर आणतात. उसाच्या पाचटाची कोपी, तीन दगडांची चूल, लेकरू, शेळी. २०२० च्या टाळेबंदीत ती माणसे येथेच अडकली होती. एप्रिलमध्ये सरकारने परवानगी दिली तेव्हा ती गावी गेली. तेव्हा माडीवरचा मुलगा खिडकीतून त्यांच्या ट्रॅक्टर-गाड्या पाहत होता. मला म्हणाला, "बाई, मी घरी बसून पगार घेतो आणि यांना घरी जायला परवाना लागतो." एवढे बोलून त्याने दार लावून घेतले, कारण त्याची बैठक सुरू होणार होती. त्याची त्यात काही चूक नव्हती. पण त्या वाक्याने मला त्याच्याविषयी फार बरे वाटले.

सध्या त्या घरची व्यवस्था अशी आहे. दोघांच्याही कंपन्या आठवड्यातले तीन दिवस कचेरी मागतात. भाऊंचे गुडघे गेले आहेत, त्यांना एकटे ठेवता येत नाही, आणि वहिनींनाही आता दिसायला कमी. म्हणून मुलगा सोमवार, मंगळवार, बुधवार पुण्याला असतो आणि सून बुधवारी रात्री निघून शुक्रवारपर्यंत. तिचा तिसरा दिवस दर आठवड्याला साहेबाशी बोलून भागवावा लागतो. बुधवारी रात्री त्याची बस येते तेव्हा तिची सुटायची असते. बारामतीच्या स्थानकावर दहा मिनिटे दोघांची भेट होते, त्यात किल्ल्या, औषधांची चिठ्ठी आणि फोनचे चार्जर यांची देवाणघेवाण होते. यंदा वसुबारसेला दोघांनीही घरून काम मागून घेतले आहे. तीन वाजता तिची बैठक आहे, साडेतीनला त्याची. वहिनींनी माडीवरच्या खोलीत दुसरे टेबल टाकून घेतले आणि संध्याकाळी गाय-वासराच्या पूजेला कोणाची वाट पाहायची, एवढेच मला विचारले.